तीनशे चारमधली मयत

दाराची बेल वाजलीच नाही, दारावर थेट मूठ बसली. कौशल्याबाई चहाचं आधण ठेवून ओट्याशी उभ्या होत्या. साखरेची बरणी हातात तशीच धरून त्यांनी दार उघडलं, तर त्यांचा पाठचा भाऊ कवडू त्यांना खांद्यानं बाजूला सारून घरात घुसला.

"कुठं हायेत भाऊजी? माहा भाचा जित्या कुठं हाय? बाहीर काढा त्याहिले!"

त्याच्या मागोमाग चुलतभाऊ गोविंदा, त्याच्यामागे भिवापूरची आठ-दहा माणसं, आणि खाली जिन्यात बायांच्या रडण्याचा आवाज. कवडू हॉलच्या मधोमध उभा राहून खोल्यांच्या दारांकडे बघत होता. आईच्या तेरवीत दोघा बहीणभावांचं वाजलं तेव्हापासून त्यानं या घराची पायरी चढलेली नव्हती, आणि आज चढला तर हा असा.

"माहेरच्याले तोंड न दाखवता जाळता? सांगाव नाही, निरोप नाही! काय झालं होतं तिले? कोणापासून लपवून राहिले तुम्ही?"

घरात कोणीतरी गेलं आणि आपल्याला कोणी सांगितलंच नाही, असंच कौशल्याबाईंना वाटलं.

"अरे, कोणाले जाळलं गा?" त्यांनी दारातूनच विचारलं.

"बाईले! माह्या बाईले!" कवडू ओरडत वळला आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

तेवढ्यात त्याची बायको यमुताई पदरानं डोळे पुसत वर पोचली. उंबऱ्यात नणंद उभी दिसताच ती अशी किंचाळली की समोरच्या फ्लॅटचं दार बोटभर उघडलं आणि लगेच बंद झालं. यमुताई मटकन पायरीवरच बसली. मेलेल्या माणसाच्या हातात साखरेची बरणी नसते, एवढं सुचण्याइतकंही भान कोणाला उरलेलं नव्हतं.

कवडू हळूहळू जवळ आला. बाजारात वांगं दाबून बघावं तसा त्यानं बहिणीचा दंड दाबून पाहिला. मग एवढा साठीचा बाप्या तिच्या खांद्यावर डोकं टेकवून लहान लेकरासारखा हुंदके देऊ लागला.

"जित्ती हायेस वं बाई?"

"हाव ना बाप्पा. आतापर्यंत तं होती."

बोलताना त्यांना हसू येत होतं. आपल्यामागे आपल्यासाठी कोण किती रडेल हे कोणालाच बघायला मिळत नाही. कौशल्याबाईंना ते मिळालं, आणि ते बघून त्यांना बरं वाटण्याऐवजी भीतीच वाटली.

आतल्या खोलीतून सून मिनल बाहेर आली. तिचं घरूनच ऑफिस चालायचं. हेडफोन अजून गळ्यात होता.

"आई, काय झालं? एवढी माणसं कोण?"

"माह्या मयतीले आलेत," कौशल्याबाई म्हणाल्या. "चहाचं आधण वाढव."

यमुताईनं नणंदेच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "खोटी बातमी उठली म्हणजे माणसाचं आयुष्य वाढते म्हणतात. वाढलं वं बाई तुमचं!"

"पण उठवली कोणं?"

सगळ्यांच्या माना गोविंदाकडे वळल्या. गोविंदा मिरचीचा व्यापारी. सकाळी इतवारीच्या बाजारात माल टाकायला आला होता. तिथल्या एका अडत्याची आई वारली, म्हणून दुपारी तोही घाटावर गेला. घाट इथून चालत जाण्याच्या अंतरावर, नाल्याच्या पलीकडे.

"आमची मयत एका ओट्यावर होती," तो खालमानेनं सांगू लागला. "बाजूच्या ओट्यावर दुसरी. सरण पेटलेलं. न तिथं भाऊजी उभे! खांद्यावर दुपट्टा, लोक गोल करून बसलेले, न ते भाषण देऊन राहिले. म्हणत होते, 'घरातला दिवा विझला हो. चार वाजता न मागता समोर येणारा चहा आता नाही.' न डोळ्याले दुपट्टा लावला. आता चहाचं असं नवऱ्याबिगर कोण बोलते, सांगा?"

"मंग जाऊन इचारायचं तं!" कौशल्याबाई म्हणाल्या.

"घाटावर जाऊन 'कोण गेलं जी' म्हणून इचारते का कोणी? मी लांबूनच हात जोडले. त्याहिनं बी जोडले."

पुढचं सांगायची गरजच नव्हती. गोविंदानं भिवापूरला फोन लावला, 'कौशल्याबाई गेली, आटपलं बी.' मयतीच्या घरी फोन करून 'खरंच का हो' असं विचारायची कोणाच्यात रीत नाही. बातमी कळली की माणूस उठतो, दुकानाचं शटर ओढतो आणि मिळेल त्या गाडीत बसतो. भिवापूरकर तसेच बसून, गोविंदाला वाटेत घेऊन आले होते. वाटेत त्यांचं दुःख कमी होत गेलं आणि राग वाढत गेला. माहेराला तोंड न दाखवता बाईला अग्नी दिला, म्हणजे यात काहीतरी काळंबेरं असणार.

कौशल्याबाईंना मात्र वेगळंच ऐकू आलं होतं. चंपतराव घाटावर?

चंपतराव तर रोज बगिच्यात जात. दुपारचा चहा घेऊन निघायचे, दिवेलागणीला परत यायचे. आल्यावर खालच्याच नळावर हातपाय धुवायचे, आणि कौशल्याबाई मनाशी म्हणायच्या, म्हातारपणी का होईना, माणसाला स्वच्छतेची सवय लागली. जेवताना ते नव्या नव्या ओळखींबद्दल सांगायचे. आज एक रेल्वेतले भेटले, आज एक मास्तर होते. कोराडीच्या वीज केंद्रातली नोकरी संपून तिथलं क्वार्टर सुटलं तेव्हापासून मुके झालेले चंपतराव पुन्हा बोलू लागले म्हणून त्यांनी टेकडीच्या गणपतीला नारळही फोडला होता.

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा उरली नव्हती. बाया जिन्यात ताटकळत होत्या, लिफ्टचं दार उघडं राहून टूं टूं वाजत होतं. शेवटी मिनल म्हणाली, "खाली पार्किंगमध्ये बसू या. चहा मी खालीच आणते." आणि भिवापूरचं सगळं लटांबर खाली उतरलं. दोन गाड्यांच्या मधल्या फरशीवर बाया टेकल्या, पुरुष खांबांना पाठ लावून उभे राहिले.

मिनलचा फोन गेला तसा मुलगा जितेंद्र ऑफिसातून धावतपळत आला. येताच मामाच्या पाया पडला, आईला जवळ घेतलं, आणि सगळं ऐकल्यावर त्याचा चेहरा असा झाला की आई मेल्याची बातमी परवडली असती.

"घाटावर? बाबा? रोज?"

उत्तर द्यायची वेळ कोणावर आली नाही. फाटकातून चंपतरावच आत येत होते. खांद्यावर दुपट्टा, पायजमा पोटऱ्यांपर्यंत दुमडलेला. गर्दी दिसली तशी त्यांची चाल आपोआप मंदावली, मान खाली गेली. सवयच ती. जवळच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "कोण गेलं जी?"

तो माणूस कवडू होता.

"तुमची बायको," कवडू म्हणाला.

चंपतरावांनी मेव्हण्याला ओळखलं. खांबाला धरून ते खाली सरकले. "दुपारी तं... चहा देल्ला ना तिनं मले... आत्ता..." कौशल्याबाई बायांमधून उठून पुढे आल्या, तर त्यांच्याकडे बघताना चंपतरावांच्या डोळ्यांत ओळखच नव्हती. कोराडीत राखेच्या बंधाऱ्यावर अपघात झाला त्या दिवशीही त्यांनी नवऱ्याला असं पाहिलं नव्हतं.

"मी हावो जी इथंच," त्या म्हणाल्या. "तुम्ही कुठं होते ते सांगा."

बायांनी चंपतरावांना पाणी दिलं, वारा घातला. मग कवडू तावातावानं गुरकावला, "बोला ना भाऊजी! घाटावर लय बोलता म्हणे!"

"जात होतो," चंपतराव म्हणाले. "पहिले बगिच्यातच जात होतो गा. बगीचा सकाळी उघडते न ऊन चढायच्या आत कुलूप लागते. संध्याकाळी जा, तं क्रिकेटची कोचिंग. चहाच्या टपरीवर बाक होता, तो कोणीतरी उचलून नेला. आता उभ्यानं प्या न चालते व्हा. मंदिरात बसलो, तं पट्ट्याच्या मागून ढकलतात, पुढं चला, पुढं चला. देवापाशी बी बसू देत नाहीत बाप्पा! मॉलमध्ये गेलो एक डाव. गार हवा, बसायले गोल बाक. पहारेकरी आला, काका, काय घेऊन राहिले? म्हटलं, काही नाही. म्हणे, मंग?"

"घरात बसायचं मग!" जितेंद्र ओरडला.

"घरात मिनलचं ऑफिस हाय. मी खोकललो तरी तिकडं पुण्याले ऐकू जाते."

मिनल चहाचा ट्रे घेऊन लिफ्टमधून बाहेर येत होती. ती तिथेच थांबली. तिनं एकदा सासऱ्यांना हातानं 'गप्प' अशी खूण केली होती, ते तिला आत्ता आठवलं असावं.

"घाटावर कोणी इचारत नाही, काहून बसले म्हणून," चंपतराव पुढे म्हणाले. आता त्यांचा आवाज सापडला होता. "सावली हाय, बाक हाय, थंड पाणी हाय. न माणसं! पहिल्या दिवशी नुसता टेकलो होतो. एक मयत आली. शोकसभेले बोलणारंच कोणी नाही. पोट्टे मोबाईल पाहून राहिले. एक जण म्हणे, काका, तुम्ही मोठे दिसता, दोन शब्द बोला. बोललो. तं त्या घरचा मुलगा पायावर पडला. तेव्हापासून लोक मले शोधत येतात. काका आले का, म्हणतात."

"ना ओळखीच्या ना पाळखीच्या माणसांवर बोलता काय?" यमुताईनं तोंडाला पदर लावून विचारलं.

चंपतरावांनी खांद्यावरचा दुपट्टा सारखा केला. मग खालीच बघत म्हणाले, "पुरुष असला तं कोराडीतल्या कोणाची तरी आठवण काढतो. बाई असली तं... हिच्याबद्दलच बोलतो. मले दुसरी बाई कुठं माहीत हाय?"

चार वाजताचा चहा. घरातला दिवा. नाल्यापलीकडे, कोणाच्या तरी आईच्या, कोणाच्या तरी बायकोच्या चितेपुढे हा माणूस दर दुपारी कौशल्याबाईंचे गोडवे गात होता आणि रडत होता.

"जित्तेपणी एक डाव तरी म्हणायचं होतं जी," त्या म्हणाल्या. "मले. समोर बसून."

"घरात कसं म्हणाव?" चंपतराव पुटपुटले.

जितेंद्रला हे काही ऐकू येत नव्हतं. तो गाड्यांच्या मधून येरझारा घालत होता. "उद्या माझ्या ऑफिसातला कोणी घाटावर गेला आणि बाबांना भाषण देताना पाहिलं तर? लोक म्हणतील, यांच्या घरी म्हाताऱ्याला राहू देत नाहीत. बस झालं. मामा, तुमच्या गाडीत जागा आहे ना? बाबांना आजच घेऊन जा. तिकडं पार आहे, चौक आहे, बसू दे दिवसभर."

"नेतो ना," कवडू म्हणाला. मघाशी ज्याची गचांडी धरायला आला होता त्या भाच्याशी त्याचं एका वाक्यात जमून गेलं. "भाऊजीले काही कमी पडू देणार नाही."

"आणि आई?" मिनलनं विचारलं.

"आई इथंच. आपल्या पोरीला, करिष्माला, शाळेच्या बसवरून कोण घेईल? तुझं ऑफिस असतं."

"माझ्या नावावर नको ढकलू," मिनल फाडकन म्हणाली. "त्यांना वेगळं करा असं मी म्हटलेलं नाही. बाबांना बसायला जागा नाही, तर जागा बघू ना आपण. बाबांनाच काय हलवायचं?"

सून सासऱ्याच्या बाजूनं आणि पोटचा पोरगा विरुद्ध. कौशल्याबाईंनी या घरात हे पहिल्यांदाच पाहिलं. यमुताईनंही मान डोलावली, "सूनबाई बरोबर बोलून राहिली." पण कवडूनं डोळे वटारले तशी ती गप्प बसली. पुरुषांमध्ये गाडीत कोण पुढे बसणार, बॅग कोण भरणार, इथपर्यंत बोलणं गेलंसुद्धा. चंपतराव हूं की चूं करत नव्हते. चोरी पकडली गेलेल्या पोरासारखे फरशीकडे बघत होते. लग्नाच्या चाळीस वर्षांत आई वारली तेव्हाचे दिवस सोडले तर कौशल्याबाई या माणसावाचून राहिल्या नव्हत्या, आणि आता तो मिरचीच्या पोत्यासारखा गाडीत चढणार होता. त्यांना हे सहन होण्यासारखं नव्हतं. पण त्याहून न सहन होणारं दुसरंच काही त्यांच्या तोंडून बाहेर पडलं.

"तुम्हाले माणसं भेटली," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "रोज नवीन. मले काहून नाही नेलं?"

चंपतरावांनी वर बघितलं. "घाटावर? बाईमाणसाले?"

"कोराडीत नळावर चौघी भेटत होत्या मले. पापड लाटाले दहाजणी येत होत्या. इथं आली तेव्हापासून मी कोणासंग बोलली, सांगा बरं. करिष्माच्या बसच्या ड्रायव्हरसंग. तुम्ही येऊन सांगत होते, आज हे भेटले, आज ते भेटले, न मी पोळ्या लाटता लाटता ऐकत होती. मले वाटे, बरं झालं, एकाले तरी जागा भेटली. मले त्या मसणात बी जागा नाही?"

त्यांचा आवाज वाढलेला होता, बाया डोळे पुसत होत्या, आणि तेवढ्यात लिफ्टमधून सोसायटीचे सेक्रेटरी उतरले. पांढरा टी-शर्ट, हातात फोन.

"कोणाकडचे आहेत हे सगळे? पार्किंगमध्ये बसणं अलाउड नाही. ग्रुपवर तीन कंप्लेंट आल्यात. हॉल बुक करायचा तर आधी अर्ज लागतो. चला, उठा, मोकळं करा."

भिवापूरच्या बाया गडबडून उठू लागल्या. म्हाताऱ्या एकमेकींचा हात धरून कशाबशा उभ्या राहिल्या. गोविंदाला ते बघवलं नाही. आज सकाळपासून त्याची जीभ त्याच्या ताब्यात नव्हतीच.

"मयतीचं बसणं हाय साहेब," तो म्हणाला.

सेक्रेटरींचा फोन धरलेला हात खाली आला. "अरे अरे. सॉरी. कोण...?"

"कौशल्याबाई. तीनशे चार."

जितेंद्र पुढे झाला. "नाही नाही, सर, तसं नाही..." पण सेक्रेटरींनी त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले होते. "जितेंद्रजी, तुमच्या मातोश्री? कळवायचं ना ग्रुपवर! फार वाईट झालं हो. रोज दिसायच्या. किती हसतमुख होत्या." मग ते कौशल्याबाईंकडे वळले. त्या सगळ्यांत पुढे उभ्या होत्या, डोळे ओले. सेक्रेटरींनी त्यांच्यापुढे वाकून हात जोडले.

"ताई, धीर धरा. तुम्ही त्यांच्या कोण?"

मिनलच्या हातातल्या ट्रेवरचे कप खुळखुळले. इतकी वर्षं. याच लिफ्टनं. याच फाटकातून. कौशल्याबाईंना वाटलं, आता कोणीतरी हसेल, आणि आपणही हसू. कोणी हसलं नाही.

"बहीण," त्या म्हणाल्या.

"बसा, बसा ताई. मयतीला कोण अडवतंय? हवा तेवढा वेळ बसा." त्यांनी लगेच वॉचमनला हाक मारली, हॉल उघडायला लावला, लाल खुर्च्या काढायला लावल्या, आणि पुन्हा एकदा हात जोडून लिफ्टमध्ये शिरले.

पार्किंगमध्येच खुर्च्यांची रांग लागली. बसायला कोणी धजेना. जितेंद्रचे डोळे भरून आले होते. "आई," तो म्हणाला, "त्यांना माहीत नव्हतं गं..." आणि पहिली खुर्ची तिच्याकडे सरकवली.

कौशल्याबाई पहिल्या खुर्चीवर बसल्या. पदर सारखा केला.

"जितू, तुहे बाबा कुठी जाणार नाहीत. कवडू, तू चहा घे न सावकाश जा. उद्या दुपारी हे घाटावर जातील, न यांच्यासंग मी बी जाईन."

"अवं बाई!" यमुताईच्या तोंडून निघून गेलं. "सवाष्ण बाई न घाटावर? लोक काय म्हणतील?"

"कोणते लोक वं, यमू?" कौशल्याबाई म्हणाल्या. "आत्ताच तं मले न ओळखता हात जोडून गेले ना ते."

चंपतराव खांबाला धरून उठले आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसले.